कुत्रा आणायच्या आधी: चि. मैथिलीस पत्र

डिचोली
मे अखेर

चि. मैथिलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. पर्वरीच्या फ्लॅटवर संध्याकाळी एकटं वाटतं, म्हणून लॅब्राडोरचं पिल्लू आणावं की मांजर, असं विचारलं आहेस. मांजर स्वार्थी असतं असं कामावरच्या मैत्रिणी सांगतात, त्यामुळे तुझा कल कुत्र्याकडे झुकलेला दिसतो. आधी उत्तर लिहिते, कारणं मागाहून. सोबत म्हणून कुत्रा मांजरापेक्षा सरस, हे मला पूर्ण मान्य आहे. आणि तो सरस आहे म्हणूनच तू आत्ता कुत्रा आणू नयेस असं मला वाटतं. मांजर आण, आणि आणशील तर दोन आण.

कुत्रा हा लांडग्याच्या कुळातला, कळपाने जगणारा प्राणी. माणसाच्या घरात आला की घरातली माणसं हाच त्याचा कळप. तू कुठे बघतेस, आवाज कसा आहे, चपला घालतेस का, सगळ्याकडे त्याचं लक्ष असतं. जपानातल्या अझाबू विद्यापीठात २०१५ मध्ये केलेल्या अभ्यासात कुत्रा आणि मालक एकमेकांकडे बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं असं दिसलं. आई आणि तान्ह्या मुलात माया निर्माण करणारं संप्रेरक ते हेच. कुत्र्याच्या मायेला एवढा भक्कम आधार आहे, आणि म्हणूनच तिची किंमतही आहे. कळपातला प्राणी एकटा राहिला की त्याला ते शरीराने सोसावं लागतं.

आता तुझा दिवस मांड. सकाळी साडेसातला वेर्ण्याला कामावर निघतेस, परत यायला साडेसहा. म्हणजे अकरा तास दार बंद. पिल्लू लघवी किती वेळ धरू शकतं याचा साधा हिशेब असा, की जितके महिने वय त्यात एक मिळवायचा, तितके तास. तीन महिन्यांचं पिल्लू फार तर चार तास. त्यानंतर ते घरातच करणार, आणि तू आल्यावर ओरडलीस तर त्याला एवढंच कळणार, की माणूस घरी येणं ही भ्यायची गोष्ट आहे. मोठा कुत्रा आठ तास धरतो, पण रोज आठ तास धरायला लावणं बरं नव्हे. एकटेपण न सोसणारी कुत्री बहुधा मालक गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच रडू लागतात, दाराची चौकट ओरबाडतात, लाळ गाळतात, कधी दात मोडेपर्यंत ग्रिल चावतात. हा खोडसाळपणा नसतो, ती घाबरलेली असतात. शिक्षेने हे वाढतं. त्यावर उपाय म्हणजे दोन मिनिटं, पाच मिनिटं, पंधरा मिनिटं असं एकटं राहायला हळूहळू शिकवणं, आणि हे शिक्षण चालू असताना त्याला सोसवतं त्याहून जास्त वेळ एकटं न ठेवणं. आठवड्यातले पाच दिवस बाहेर असणारी तू हे कशी जमवणार? दुपारी येऊन अर्धा तास फिरवून आणणारं खात्रीचं माणूस मिळालं तर गोष्ट वेगळी, पण ते माणूस सुट्टीवर गेलं की पुन्हा अकरा तास.

मांजराचं तसं नाही. आपल्या घरातल्या मांजराचा पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. ते एकट्याने उंदीर मारून जगायचं. कळप नाही, पण आपला मुलूख मात्र पक्का हवा. त्यामुळे मांजराला सगळ्यांत आधी जागेचा भरवसा लागतो. खाणं कुठे, झोपणं कुठे, लपायचं कुठे आणि वर चढून बघायचं कुठून, एवढं ठरलेलं असलं की तू दिवसभर नसलीस तरी ते शांत असतं. दिवसाचे बारा ते सोळा तास ते झोपतं, आणि अंगात खरा जोर येतो तो पहाटे आणि तिन्हीसांजेला. तू घरी असतेस त्याच वेळा त्या.

राहिला स्वार्थीपणाचा मुद्दा. अमेरिकेत ओरेगन स्टेट विद्यापीठात २०१९ मध्ये मांजराच्या पिल्लांना अनोळखी खोलीत दोन मिनिटं एकटं ठेवून मग त्यांच्या माणसाला आत पाठवलं. सुमारे दोन-तृतीयांश पिल्लं त्याला बघून निवळली आणि पुन्हा खोली हुंगत फिरू लागली. लहान मुलं आईच्या येण्याने निवळतात ते प्रमाणही जवळपास तेवढंच. मांजराची माया कमी नसते, ती दाखवायची रीत वेगळी असते. शेपूट उभी धरून टोक किंचित वाकवून येतं ते तुझं स्वागत. डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडतं तेव्हा ते निर्धास्त असतं, आणि तूही तशीच सावकाश पापणी मिटलीस तर बहुतेकदा जवळ येतं. पोट दाखवून लोळलं तर तो विश्वास, पण पोटाला हात लावायचं ते आमंत्रण नव्हे. तिथेच पहिला ओरखडा मिळतो. गालाला, कानामागे, हनुवटीखाली खाजव. शेपूट आपटायला लागलं किंवा पाठीची कातडी थरथरली की हात काढून घे. ही खूण ज्यांना वाचता येत नाही तेच मांजराला लहरी म्हणतात.

दोन का, ते सांगते. एकटं पिल्लू दिवसभर साठलेला जोर तुझ्या हातापायांवर काढतं. चावा कुठे थांबवायचा हे पिल्लं एकमेकांशी झोंबताना शिकतात: जोरात चावलं की दुसरं किंचाळतं आणि खेळ थांबतो. एकाच विणीतली दोन भावंडं आणलीस तर ओळख करून देण्याचा व्यापही वाचतो. पुढे दुसरं आणायचं म्हटलं तर दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवणं, वासाची फडकी बदलणं, दारापलीकडे जेवू घालणं, असं दोन-तीन आठवडे चालतं आणि तरी कधीकधी पटत नाही. पिल्लं आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नकोस. दहा-बारा आठवड्यांची मिळाली तर उत्तम. आणि दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात त्यांना माणसाचा हात लागलेला असावा. त्या काळात माणूस न पाहिलेलं पिल्लू पुढे कितीही खाऊ घातलं तरी बुजरंच राहतं.

आणण्याआधी पहिलं काम जाळीचं. तुझा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, खाली महामार्गाकडे जाणारा रस्ता. मांजर पडलं तरी पायांवर उतरतं हे खरं, पण त्या उंचीवरून जबडा फुटतो, छातीला मार बसतो. बाल्कनीला आणि उघड्या राहणाऱ्या प्रत्येक खिडकीला जाळी हवी. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी चालते, पण भोक तीन-साडेतीन सेंटिमीटरपेक्षा मोठं नको. पिल्लाचं डोकं जिथून जातं तिथून अंगही जातं. हूक दर तीस सेंटिमीटरला आणि खालच्या कडेलाही मारून घे. लोक वर आणि बाजूला मारतात, खालची कड सैल सोडतात, आणि मांजर नेमकं तिथूनच नाक घालतं. खारी हवा आणि उन्हाने नायलॉन कुजतं, म्हणून पावसाळा संपला की दरवर्षी सगळी जाळी हाताने ओढून बघ.

मग शौचाचा ट्रे. दोन मांजरांना तीन ट्रे असं शास्त्र आहे. तुझ्या जागेत दोन मोठे आणि दिवसातून दोनदा उपसलेले चालतील. लांबी मांजराच्या अंगाच्या दीडपट, म्हणजे साधारण साठ सेंटिमीटर. दुकानातले झाकणवाले छोटे डबे घेऊ नकोस, आत वास कोंडतो आणि मांजर बाहेर बसतं. कपडे ठेवायचा प्लास्टिकचा बसका मोठा डबा घेऊन एका बाजूची भिंत खाली कापलीस की झालं. आत लिटर, म्हणजे मांजराने उकरायची माती, पाच ते सात सेंटिमीटर जाडीची. गोळे धरणारी बेंटोनाइट माती सर्वांत सोयीची, पण आपल्या पावसात ती हवेतलंच पाणी ओढून आधीच चिकट होते. म्हणून पिशवी उघडल्यावर घट्ट झाकणाच्या बादलीत ओत. जून ते सप्टेंबर लाकडाच्या गोळ्यांचं लिटर जास्त बरं. किनाऱ्यावरची वाळू मात्र आणू नकोस: खारट, दमट, आणि पायांना चिकटून घरभर होते. बेंटोनाइट कमोडमध्ये टाकू नकोस. पाण्यात फुगून ती पाइपात सिमेंटसारखी बसते आणि सोसायटीची सगळी लाइन तुंबते. घाण रोजच्या रोज काढण्याला दुसरंही कारण आहे. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा माणसालाही बाधणारा परजीवी बाहेर पडला तरी तो रोग द्यायच्या लायकीचा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. रोज ट्रे उपसला की तो धोका जवळजवळ राहतच नाही. मांजर ट्रेबाहेर करू लागलं तर तीनच गोष्टी आधी बघायच्या: ट्रे घाण आहे का, जेवणाच्या ताटलीजवळ आहे का, आणि त्याला लघवीचा त्रास आहे का.

खाण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे मांजर म्हणजे नुस्त्याची, म्हणजे मासळीची, डोकी आणि भात, हे समीकरण पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. अंगणातल्या मांजराला ते चालायचं, कारण बाकीचं ते स्वतः मारून खायचं: उंदीर, पाल, नाकतोडा. फ्लॅटमधल्या मांजराला तू देशील तेवढंच मिळणार. मांजराला टॉरिन नावाचं अमिनो आम्ल आहारातूनच मिळावं लागतं, ते त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही. कमी पडलं की डोळ्यांचा पडदा झिजतो आणि हृदय फुगून कमजोर होतं. हृदयाचा संबंध १९८७ मध्ये सिद्ध झाला आणि त्यानंतर तयार खाद्यात टॉरिनचं प्रमाण वाढवलं गेलं. टॉरिन पाण्यात विरघळतं, म्हणून घरी चिकन उकडलंस तर ते पाणी ओतून देऊ नकोस, त्याच्यासकट दे. रोजचा पाया मात्र चांगल्या तयार खाद्याचाच ठेव. चार किलोच्या मोठ्या मांजराला दिवसाला सुमारे २४० कॅलरी लागतात, म्हणजे कोरडं खाद्य साठेक ग्रॅम. ओलं खाद्य दिलंस तर त्या हिशेबाने कोरडं कमी कर. नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज घटते, तेव्हा वाटी भरून ठेवायची सवय नको. स्वयंपाकघरातला वजनकाटा वापर.

मासळी आठवड्याला दोनदा, शिजवून, काटे काढून. कच्चे तारले (सार्डिन मासे) देऊ नकोस. त्यात थायामिनेज नावाचं द्रव्य असतं, ते ब-१ जीवनसत्त्व मोडतं. सतत दिलं की मांजराची मान खाली वाकते, तोल जातो, झटके येतात. शिजवल्यावर ते द्रव्य नष्ट होतं. पण नुसत्या तेलकट मासळीवरच ठेवलं तर ई जीवनसत्त्व कमी पडून अंगातली चरबी सुजते, मांजराला हात लावलेला सोसत नाही. मीठ, हळद, सोलं, तिरफळं काही न घालता साध्या पाण्यात उकड. हुमणातला, म्हणजे माशाच्या आमटीतला, तुकडा धुऊन देणं नको, वाटणातल्या कांद्याचा अंश राहतो. कांदा आणि लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कुत्र्यालाही ते बाधतं, मांजराला त्याहून लवकर. खारं नुस्तं अजिबात नाही. कलेजी आठवड्याला एक चमचा पुरे. रोज दिली की अ जीवनसत्त्व साचून मानेच्या मणक्यांवर हाड वाढतं. दूध नको, मोठ्या मांजराला बहुधा पचत नाही, जुलाब होतात. पाण्याची भांडी दोन ठेव, जेवणाच्या ताटलीपासून दूर. मुंग्यांसाठी ताटली थोड्या मोठ्या थाळीत पाणी घालून त्यात ठेव. आणि पावसाळ्यात खाद्याची दीड किलोहून मोठी पिशवी घेऊ नकोस. बुरशी धरली की त्यातलं विष यकृत बिघडवतं, आणि ते वासाने नेहमी कळतंच असं नाही.

आता विषं. हा भाग फ्रिजवर चिकटवून ठेवलास तरी चालेल. मांजराचं यकृत काही द्रव्यं मोडू शकत नाही, त्यामुळे माणसाला आणि कुत्र्याला चालतं ते त्याला मारतं. पॅरासिटामॉल: अर्धी गोळीसुद्धा जीव घेते. ताप वाटला म्हणून घरातलं काही देऊ नकोस. पर्मेथ्रिन: कुत्र्याच्या गोचिडींसाठी मानेवर टाकायच्या काही औषधांत हे असतं. मांजराला लावलं की काही तासांत अंग थरथरायला लागतं आणि झटके येतात. औषध घेताना त्यावर मांजराचं चित्र आणि वजन छापलेलं आहे का ते बघ. लादी पुसायचं फिनेल: फिनॉल असलेली फिनेलं मांजराच्या पंजाला लागतात, ते पंजा चाटतं, आणि विष पोटात जातं. पातळ केलेला साधा साबण वापर, पुसल्यावर लादी सुकू दे. लिलीची फुलं: पुष्पगुच्छात असतात ती. पान, फूल, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत निकामी करतं. कोणी गुच्छ दिला तर लिली दाराबाहेरच काढून टाक. आपल्याकडे बंगल्यांच्या बागांत हटकून दिसणारा सागो पाम मांजर आणि कुत्रा दोघांनाही घातक, त्याच्या बिया सर्वांत जास्त. कण्हेर तर तुला माहीतच आहे.

डॉक्टरची कामं. आठव्या-नवव्या आठवड्यात तीन रोगांवरची एकत्र लस, दवाखान्यात तिला ट्रायकॅट म्हणतात. तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोस, सोळाव्या आठवड्याच्या सुमारास डॉक्टर सांगतील तर तिसरा. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर आणि मग दरवर्षी. घराबाहेर न जाणाऱ्या मांजरालाही ती दे. गोव्यात कुत्र्यांचं लसीकरण वर्षानुवर्षं नेटाने झालं आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. पण शेजारच्या राज्यांच्या हद्दी उघड्याच आहेत, आणि हा रोग एकदा लक्षणं दिसली की बरा होत नाही. लस न घेतलेल्या कुठल्याही जनावराने चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना. जंताचं औषध पिल्लांना दर पंधरा दिवसांनी तीन महिन्यांपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा, पुढे तीन महिन्यांनी एकदा, दर वेळी वजन करून. पहिल्या तपासणीला टोंकच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, पर्वरीहून पूल ओलांडला की फार लांब नाही. पावसाळ्यात पिल्लाच्या कानाच्या कडेला किंवा नाकाजवळ गोल केस गेलेला डाग दिसला तर ते गजकर्ण समज. ते तुलाही होतं. उशी-चादरी गरम पाण्याने धू आणि दोघांचाही इलाज एकदमच कर.

नसबंदी पाचव्या महिन्यात उरकून टाक, दोघांचीही. मांजरी चौथ्या महिन्यातसुद्धा गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते आणि पिल्लं अंगावर असतानाच पुन्हा माजावर येते. भावाबहिणीचं नातं त्यांना ठाऊक नसतं. पहिला माज येण्याआधी ऑपरेशन झालं की पुढे स्तनाच्या गाठींचा धोकाही फार कमी होतो. बोका ऑपरेशनशिवाय ठेवलास तर भिंतींवर लघवीचे फवारे मारेल, आणि तो वास भाड्याच्या घरातून सहज जात नाही.

दोन खुणा दिसल्या तर सकाळची वाट बघू नकोस. बोका पुन्हापुन्हा ट्रेत बसतोय, जोर करतोय, आणि थेंब पडत नाही: मूत्रमार्ग तुंबलाय. एक-दोन दिवसांत तो मरतो. लोक बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजतात आणि वेळ घालवतात. दुसरी खूण म्हणजे मांजराने दोन दिवस अन्नाला तोंड न लावणं. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते, लठ्ठ मांजराच्या फारच लवकर, आणि मूळ दुखणं साधं असलं तरी जीव जातो तो यकृतामुळे. कुत्रा एखादा दिवस जेवला नाही तर बघू म्हणता येतं, मांजराचं तसं म्हणू नये.

गणेश चवथीला तू पाच दिवस घरी येशील तेव्हाचं आताच ठरव. कुत्रा असता तर त्याला इथे आणावाच लागला असता, पाहुण्यांच्या गर्दीत आणि फटाक्यांत. मांजरं आपल्या जागेतच बरी. शेजारणीला किल्ली देऊन सकाळ-संध्याकाळ खाणं, पाणी, ट्रे एवढं सांगायचं. भरपूर खाद्य ओतून चार दिवस दार लावून जायचं नाही. वर लिहिलेल्या दोन्ही खुणा बघायला रोज कोणीतरी आत यायलाच हवं. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराची गाणी पहाटेपर्यंत चालतात, पर्वरीत तर चौकाचौकात. त्या रात्री आतल्या खोलीत कपाटाचं दार उघडं ठेव, खिडक्या लाव, पंखा मोठा कर. ती कपड्यांमागे जाऊन बसतील. ओढून बाहेर काढून कुशीत घ्यायला जाऊ नकोस.

आता हेही लिहायला हवं, की मांजर तुला काय देणार नाही. ते तुला सकाळी मिरामारच्या किनाऱ्यावर चालायला नेणार नाही. अनोळखी माणूस दारात आला तर ते पलंगाखाली जाईल. तू रडत असलीस तर कदाचित येईल, कदाचित येणार नाही. कुत्रा येतोच. ही उणीव मोठी आहे, आणि म्हणून कुत्र्याचा विचार तू कायमचा सोडावास असं मी म्हणत नाही. घरी कोणीतरी असेल, एका वेळी चार-पाच तासांपेक्षा जास्त तो एकटा राहणार नाही, आणि पहाटे व संध्याकाळी अर्धा-अर्धा तास फिरवण्याची बांधिलकी पावसातही निभेल, असे दिवस आले की जरूर आण. लहानपणापासून मांजरांत वाढलेला कुत्रा नसला तरी नीट ओळख करून दिली तर ती राहतात.

तेव्हाही लॅब्राडोरचं पिल्लू विकत घेण्यापेक्षा गावठी कुत्रा घ्यावास. आपल्या दमट उकाड्याला तोच तयार झालेला: आखूड केस, पंधरा-वीस किलो वजन, लांब नाक. कुत्र्याला घाम फारसा येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि हवा दमट असली की धापांतलं पाणी उडतच नाही. चपट्या नाकाची पग आणि फ्रेंच बुलडॉग त्यामुळे मे महिन्यात साध्या चालण्यानेही कोसळतात. हस्की तर इथे आणणंच क्रूरपणा आहे. लॅब्राडोर जगतो, पण वजन वाढतं, कंबरेचे सांधे दुखतात, आणि लोंबत्या कानांत पावसाळाभर बुरशी. कुडचड्याच्या गोवा ॲनिमल वेल्फेअर ट्रस्टसारख्या निवाऱ्यात मोठी झालेली, नसबंदी झालेली कुत्री मिळतात. त्यांचा स्वभाव आधीच दिसतो, पिल्लाचा दिसत नाही. विकत घ्यायचंच झालं तर लक्षात ठेव, की २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची नोंदणी लागते. सहा आठवड्यांचं, लस न दिलेलं पिल्लू कोणी गाडीतून आणून देत असेल तर पार्वो हा पिल्लांचा जीवघेणा रोग घरात आला असंच धर.

आणि गोचिडी. गोव्यात कुत्रा पाळायचा म्हणजे गोचिडींशी बारा महिने सामना, पावसाच्या आगेमागे जास्तच. अंगावर दिसतात त्या थोड्या. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते आणि पिल्लं पुन्हा कुत्र्यावर चढतात. म्हणून नुसती अंघोळ घालून काही होत नाही. महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी डॉक्टरच्या सल्ल्याने वर्षभर, खंड न पाडता. गोचीड काढताना चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल लावायचं नाही, त्याने ती पोटातलं आत ओकते. ताप, खाणं बंद, हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त, पोटावर लाल ठिपके, यातलं काही दिसलं की रक्त तपासायचं. एर्लिशिया या गोचिडींतून होणाऱ्या रोगावर डॉक्सिसायक्लिन हे औषध चार आठवडे द्यावं लागतं, आणि पाचव्या दिवशी कुत्रा उड्या मारू लागला म्हणून बंद केलं की रोग उलटतो. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो या रोगाचे जंतू असतात, त्याची लस दरवर्षी. फिरून आलं की बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. हे सगळं रोजचं आहे, आणि रात्री दमून आलेल्या माणसाकडून रोजचं सुटतं.

भाड्याच्या कराराचं राहिलं. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही असं भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट केलंय. पण घरमालकाशी झालेल्या करारात अट असेल तर तो वेगळा विषय. करार काढून वाच आणि मांजरं आणण्याआधी त्यांना सांगून लेखी होकार घे. नंतर कळलं तर घर सोडायची वेळ येईल, आणि मांजराला घर बदलणं फार जड जातं.

आपल्या मागच्या वाड्यावर एका घरी व्यालेल्या मांजरीची चार पिल्लं आहेत, जूनच्या अखेरीस दहा आठवड्यांची होतील. माणसांत वाढतायत, लहान मुलं दिवसभर मांडीवर घेतात. त्यातली एक करडी मादी आणि एक पट्टेरी बोका मी तुझ्यासाठी सांगून ठेवलेत, तुझा होकार आला तरच. शुक्रवारी संध्याकाळी ये, म्हणजे शनिवार-रविवार तुला त्यांच्याबरोबर मिळतील. नेताना वरून उघडणारा कडक प्लास्टिकचा कॅरिअर आण, पुठ्ठ्याचा खोका पावसात आणि लघवीने भिजून फाटतो. आईच्या अंथरुणातलं एक फडकं मी बरोबर देईन, ते धुऊ नकोस. पहिले तीन-चार दिवस दोघांना एकाच खोलीत ठेव, ट्रे एका कोपऱ्यात, खाणं समोरच्या कोपऱ्यात. ती आपणहून दारापाशी येऊन बसू लागली की बाकीचं घर उघड. इथे खातायत तेच खाद्य आठवडाभर चालू ठेवून मग थोडंथोडं बदल, एकदम बदललंस तर जुलाब.

तोवर बाल्कनीची लांबी-उंची आणि खिडक्यांची मापं मला पाठव. म्हापशात जाळी लावणाऱ्याकडे मी दर विचारते. पाऊस लागल्यावर तो बाहेरच्या बाजूला ड्रिल करायला तयार होत नाही, म्हणून या आठवड्यातच कळव.

तुझी
आई